सांध्याला तेल

लोंढ्याच्या फलाटापुढे रूळ दोन वाटांनी फुटायचे.
एक वाट चालू, चकचकीत.
दुसरी कॅसलरॉककडे, तिथून घाट उतरून दर्याला.
तिच्यावर सहा वर्षांचा गंज, मधे रानतुळस,
आणि एकदा दिवडाची अख्खी कात
या स्लीपरपासून त्या स्लीपरपर्यंत.

पास्कू म्हणायचा, कान लाव, दर्या ऐकू येतो.
त्यानं तो पाहिला होता, अंगावर पीत असताना,
म्हणजे पाहिला नव्हताच.
त्याची मावशी कुडचड्याला. तिकडे पोर्तुगीज.
काठावर तांबड्या दगडाचे किल्ले, तो सांगायचा,
भिंती आपल्या टाकीएवढ्या रुंद,
आणि तोफा, माना पुढे काढून बसलेल्या.
मी कान लावायचो.
डिसेंबरातला गार रूळ.
ऐकू यायची ती माझीच कानशिलं.

घरी आई कान धरायची,
"काय फासून आलास बे हे? गंज?"
राखेनं घासायची लाल होईपर्यंत.
आधीही लालच होता.

इंजिनातून पडलेल्या खंगरांचा आम्ही किल्ला केला
पाणी भरायच्या नळाखाली.
नळ गळायचा, तो दर्या.
पोर्तुगीज कोण, यावरून रोज भांडण,
कारण साहेबी टोपी एकच होती, पास्कूच्या बाबाची,
फायरमन इनासची, घामानं काळी झालेली.

माझे बाबा सांधेवाले.
त्या संध्याकाळी ताटावरून उठून
ते तेलाची बुधली घेऊन गेले,
बंद वाटेच्या सांध्याशी उकिडवे बसले
आणि तेल घातलं.
थांबले. परत घातलं.
मग लीव्हर ओढला.
सहा वर्षांनी सांधा हलला, त्याचा आवाज
झोपेत कुणी कुणाचं नाव घ्यावं तसा.
हुलकुंद मास्तर दारात उभे होते.
आम्हाला बघून म्हणाले, "एनिल्ल. मनीगे होग्री."
काही नाही, घरी जा.
इतक्या हळू त्यांनी आम्हाला कधी हाकललं नव्हतं.

मग रात्रीच्या गाड्या.
बत्तीच्या काचेवर आईच्या निळ्या चोळीचा तुकडा,
फलाटभर बूट, आणि बोलणं जवळजवळ नाही.
एका जवानानं आम्हाला बिस्किट दिलं, दोघांत एक.
विचारलं, समुंदर कितना दूर?
पास्कूनं रूळ दाखवला. कान लावा म्हणाला.
आणि तो माणूस, एवढा मोठा, मिशीवाला,
हेल्मेट काढून गुडघ्यावर बसला
आणि त्यानं खरंच कान लावला.
बराच वेळ.
"हाँ," म्हणाला. "है."
शिट्टी झाली. त्याच्या कानाला लागलेला गंज
पुसायचा राहिला.

सकाळी विमानं. कौलं थरथरली.
पास्कूच्या आईनं, सांतानबायनं, दोन मेणबत्त्या लावल्या,
एक इथून गेलेल्यांसाठी, एक बहिणीसाठी.
मोठी कुठली, हे तिनं आम्हाला बघू दिलं नाही.

दोन दिवसांत सगळं संपलं.
शाळेत गूळखोबरं वाटलं. मी दोनदा घेतलं.

वाट सुरू झाल्यावर बाबांच्या पासावर आम्ही खाली गेलो,
पास्कूचं घर, आमचं घर, दशम्यांचं गाठोडं.
किल्ला होता, तसाच तांबडा.
तोफांची तोंडं सगळी पाण्याकडे.
आम्ही पाठीमागून आलो होतो.
एका तोफेत सरड्यानं अंडी घातली होती की काय कोण जाणे,
पास्कू हात घालायला तयार नव्हता.

कुडचड्याला मावशीची पोरं दाराआडून बघत राहिली.
शेवटी थोरल्यानं विचारलं,
लोंढ्याला म्हणे तोफाच तोफा आहेत, खरं काय?
पास्कूनं माझ्याकडे बघितलं.
मी दर्याकडे बघितलं, म्हणजे तो ज्या बाजूला असेल तिकडे.
खोटं बोलायची इतकी सोपी संधी
आम्ही दोघांनीही घेतली नाही.
"सांधा आहे," मी म्हणालो.
त्यांना ते कळलं नाही.

परतीच्या गाड्यांत जवान दिसायचे,
खिडकीत झोपलेले, कुणी केळं खाणारे.
मी सगळ्यांचे कान बघायचो.